आतल्या माणसासाठी अलार्म

अलार्म विकायला आलेल्या माणसाने सोफ्यावर बसल्या बसल्या विचारलं, की दागिने कुठल्या खोलीत ठेवता. हिंदीत, अगदी अदबीने. मी म्हटलं, दागिने नाहीत, वडील आहेत. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसला बिचारा. भर उन्हाळा, लाइट गेलेली, आणि हा टाय लावून मांडीवर ब्रीफकेस घेऊन घाम पुसत बसलेला. माझ्यात मात्र त्या दिवशी थट्टेची ताकद नव्हती. आदल्याच आठवड्यात बाबा नोएडाच्या रस्त्यावर सापडले होते, ट्रकांच्या रांगेतून चालताना, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी.

ती नव्वदच्या दशकातली वर्षं. बाजार नुकताच खुला झाला होता आणि दिल्लीत ज्याला त्याला काहीतरी विकायचं होतं. वॉटर फिल्टरवाला, केबलवाला, व्हॅक्यूम क्लीनरवाला, सगळे जिने चढून आमच्या दारात. आम्ही यमुनेपलीकडे मयूर विहारला नवे आलो होतो. बाबा रिटायर झाले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि मराठी मंडळींनी मिळून काढलेल्या सोसायटीत कैक वर्षांपूर्वी नाव घातलं होतं तो फ्लॅट एकदाचा मिळाला. बाबा, आई आणि मी. भाऊ पुण्यात, फोनवरून सल्ले द्यायला. मी एका मंत्रालयात नोकरीला होते. लग्न केलं नव्हतं, त्याची कारणं सांगायची ही जागा नाही.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. म्हणजे आयुष्य रिलेंमध्ये गेलं. रिले म्हणजे काय हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. एक कॉइल असते. तिच्यातून करंट गेला की पट्टी उचलली जाते, करंट तुटला की पट्टी पडते. उचललेली असताना एक संपर्क जुळतो, पडलेली असताना दुसरा. एवढंच. पण बाबांच्या बोलण्यात त्या एवढ्याशा गोष्टीवर हजारो माणसांचे जीव टांगलेले असायचे. वायर तुटो, बॅटरी मरो, काहीही होवो, रिले पडला पाहिजे आणि सिग्नल लाल झाला पाहिजे. बिघडायचंच असेल तर गाडी थांबेल असं बिघडा, असं ते माणसांनाही सुनवायचे.

आणि आता हेच बाबा बिघडले होते, आणि थांबत नव्हते.

सुरुवात चष्मा आणि छत्री विसरण्याने झाली. तसं कोण विसरत नाही? मग एकदा ते खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींच्या घरी गेले, त्यांच्या सोफ्यावर बसून पेपर वाचला आणि चहा मागितला. आंटींनी चहा दिला आणि वर निरोप पाठवला. आमच्या सोसायटीचे सगळे ब्लॉक सारखे, सगळे जिने सारखे, दरवाजेही एकाच कंत्राटदाराचे, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर मात्र ते रोजच निघायला लागले. कुठे निघालात विचारलं की म्हणायचे, घरी. घरी म्हणजे त्या जुन्या क्वार्टरमध्ये. नदी ओलांडून, अर्ध्या दिल्लीपलीकडे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. काळजी घ्या म्हणाले. काळजी घ्या! मला त्या डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला होता.

मी ऑफिसात असताना घरात आई एकटी. तिचे गुडघे गेलेले आणि कान निम्मे गेलेले. ती पोळ्या लाटत असायची आणि बाबा दार उघडून पसार. माझी रजा संपली, मग बिनपगारी संपली, मग साहेबांची माया संपली. रोज ऑफिसात फोन वाजला की मी हातातलं टाकून उठायचे. मी फाइल समोर उघडून बसायचे आणि डोळ्यांसमोर तो रस्ता, ते ट्रक. एक दिवस मी सरळ कुलूप आणलं. म्हटलं, निघताना बाहेरून लावून जाते. आईने माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"तुझ्या वडिलांना कोंडायचं नाही," ती म्हणाली. "ते गेले तर मी शोधत जाईन. पण कोंडायचं नाही."

शोधत जाणार म्हणे! हिला जिना उतरायला माझा खांदा लागायचा. मी खूप बोलले तिला, नको ते बोलले. ती ढिम्म. कुलूप तिने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, ते मला महिन्याभराने तांदूळ काढताना सापडलं.

म्हणून अलार्म. टायवाल्याने दोन दिवसांत तो बसवला. दाराला चुंबक, चौकटीला बोटाएवढा स्विच, भिंतीवर पत्र्याची पेटी आणि वर सायरन. बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी चालणार. मला जरा धीर आला. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मी जेवले नीट.

धीर टिकला दोन दिवस. तो अलार्म चोरांसाठी केलेला. दार उघडलं की अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि मग बोंबलायचं, का, तर घरच्या माणसाला आत येऊन चावी फिरवायला वेळ मिळावा. आमचा चोर आतून बाहेर जाणारा. अर्ध्या मिनिटात बाबा जिना उतरून ब्लॉकच्या मागे. शिवाय तो सायरन इतका चिरका, की सोसायटीतली कुत्री भुंकायला लागली, आंटी धावत वर आल्या आणि आईला पत्ता नाही. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात म्हणे, जाडे राहतात. त्या दिवशी बाबा बस स्टॉपवर सापडले. बस आलेली होती, एक पाय पायरीवर होता. आंटींनी मागून शर्ट धरला.

मी कंपनीला फोन केला. अर्धा मिनिट काढून टाका म्हटलं. टायवाला म्हणाला, मॅडम, सिस्टम ऐसे ही आता है. मी फोन आपटला. म्हटलं, सिस्टम गेली चुलीत, मी सिग्नलवाल्याची मुलगी आहे.

आईसाठी जाडा आवाज हवा होता, म्हणून शनिवारी करोल बागेत गेले. मोटारीच्या पार्टची दुकानं एका ओळीत, सगळ्यांकडे बारा व्होल्टचं सामान. दुकानदाराने विचारलं कौन सी गाडी, मी म्हटलं गाडी नहीं है, बहरी माँ है. त्याने न हसता ट्रकचा एक भोंगा काढून वाजवून दाखवला. रस्त्यावरची माणसं बाजूला झाली. हाच द्या म्हटलं. त्याबरोबर दोन रिलेही घेतले, काड्यापेटीएवढे.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर पेटी भिंतीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर उघडली. आत एक हिरवं कार्ड, वायरींचा गुंता आणि माझं अज्ञान. रिले म्हणजे काय हे पाठ असणं वेगळं आणि कुठली वायर कुठे जाते हे कळणं वेगळं. मी हे काढ, ते जोड करत होते. एकदा ठिणगी उडाली, एकदा भोंगा वाजला तो थांबेचना. मी बॅटरीची वायर उपटली, डोकं टेबलावर टेकलं आणि रडले. खोटं कशाला बोलू, भोकाड पसरलं.

कुणीतरी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. बाबा. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पेटीत वाकून पाहिलं. सकाळी त्यांना दातांच्या ब्रशचं काय करायचं ते मी दाखवलं होतं. आता ते म्हणाले, "हे वायरिंग कुणी केलं? याला नोकरीवर कुणी घेतलं?"

मग मी बघत राहिले. त्यांची बोटं थरथरत होती, पण वायरीला टेकली की थांबायची. हिरवं कार्ड त्यांनी उपटून बाजूला टाकलं, अर्धा मिनिट त्याच्यातच होता. चुंबकाच्या स्विचमधून करंट रिलेच्या कॉइलला दिला. दार बंद, रिले उचललेला, सगळं शांत. दार उघडलं की करंट तुटणार, रिले पडणार आणि पडता पडता भोंगा जोडून देणार. त्याच क्षणी. मी म्हटलं, झालं की मग. ते म्हणाले, आणि उघडणाऱ्याने दार परत लावलं तर? रिले उठेल, भोंगा बंद होईल, कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून त्यांनी कॉइलचा करंट त्याच रिलेच्या संपर्कातून फिरवून आणला. आता रिले एकदा पडला की स्वतःहून उठणार नाही, चावी फिरवून कुणीतरी उठवेपर्यंत पडून राहील. पडलेला रिले स्वतःहून उठता कामा नये, ते म्हणाले, माणसाने आधी येऊन बघायचं, मग उठवायचं. आईकडून दोरा मागून त्यांनी सगळ्या वायरी एकत्र बांधल्या, ठरावीक अंतरावर गाठ मारत, वेणीसारख्या. स्वतःला कोंडून ठेवणारं यंत्र तो माणूस गुणगुणत बांधत होता.

कुणासाठी आहे हे, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, एका गाडीसाठी, ती थांबतच नाही. त्यांना ते पटलं.

आणि त्या दिवशी बाबा दारापाशी गेले नाहीत. दिवसभर नाही. संध्याकाळी जेवले, आईला मीठ कमी आहे म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली. मीठ खरंच कमी होतं.

मला जी कल्पना सुचली ती तिथेच, ताटावर. सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी मी पेटी उघडली, गाठी सोडल्या, वायरी खेचून काढल्या आणि सगळं टेबलावर पसरून ठेवलं. मग बाबांना उठवलं. म्हटलं, सर्किट फेल झालंय, तुम्हीच बघू शकाल. ते ताडकन उठले, तोंड धुतलं, दाढी केली आणि टेबलापाशी जाऊन बसले. माझ्या परत येण्याच्या वेळेला काम पूर्ण. मंगळवारी परत तेच. आईने आधी कपाळाला हात लावला, पण नंतर तीही सामील झाली. त्यांनी लवकर संपवलं तर ते जेवून पडल्यावर ती दुपारी जाऊन एकदोन वायरी सोडून ठेवायची. मला म्हणायची, मी काळी आणि लाल सोडली, चालेल ना? जशी काही वाल सोलतेय.

अलार्म बंद आणि बाबा घरात, असे ते दिवस गेले. भोंगा वाजायची वेळच आली नाही, कारण भोंगा कधी जोडून पुरा राहिलाच नाही. मी ऑफिसात फाइली वाचायला लागले, त्यातलं कळायलासुद्धा लागलं. कँटीनमध्ये एकदा खळखळून हसले, तर शेजारची बाई म्हणाली, बडे दिनों बाद. आई दुपारी डुलकी काढायला लागली. भावाला फोनवर मी ऐटीत सांगितलं की इकडे सगळं बिल्कुल ठीक आहे. मला वाटलं मी त्या आजाराला चकवलं. बाई गं, काय तो माझा तोरा.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी मी उठवायच्या आधीच बाबा जागे होते. पेटीपुढे खुर्ची टाकून बसलेले, हातात टेस्टर. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "कुणीतरी रोज वायर काढतंय. हा बिघाड नाही. हा आतला माणूस आहे."

दिवसाचे तास त्यांना कळत नव्हते, माझं नाव त्यांना कधी आठवायचं, कधी नाही. पण वायर तुटलेली आणि वायर सोडलेली, हा फरक त्यांच्या बोटांना कळत होता. मी म्हटलं, उंदीर असेल. उंदीर गाठ सोडत नाही, ते म्हणाले.

तिथून सगळं फिरलं. सिग्नलवाल्याच्या दृष्टीने याहून मोठा गुन्हा नाही. वायर काढली म्हणजे कुठेतरी दोन गाड्या एका रुळावर येणार. ते खाईनात, झोपेनात, पेटीपासून हलेनात. मी वायरी काढणं त्याच दिवशी बंद केलं, पण आता त्याचा काय उपयोग? ते स्वतःच उघडून बघायचे, परत बांधायचे, परत उघडायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. इतकी माणसं आहेत गाडीत, एवढंच म्हणत राहायचे. मी त्यांना सुखात ठेवायला निघाले होते आणि त्यांना ड्यूटीवर मरायला बसवलं होतं.

मग त्यांनी आईला पकडलं. ती टेबलाखालचा केर काढत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हिंदीत ओरडले, कौन हो तुम, किसने भेजा है.

हिंदीत. आमच्या घरात हिंदी फक्त दारापर्यंत यायची. दूधवाला, धोबी, वीजमंडळाचा माणूस, त्यांच्याशी बोलायची ती भाषा. दार लावलं की मराठी. इतकी वर्षं दिल्लीत काढून बाबांनी आईशी हिंदीचा एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. आई तशीच उभी राहिली, मनगट त्यांच्या हातात. तिला रागावलेलं चाललं असतं, मारलेलंही चाललं असतं. पण नवऱ्याने तिला दाराबाहेरची केलं, ते तिला सोसलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर म्हणाली, मी काय उत्तर देऊ, मला हिंदी धड येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पेटी शेवटची बांधली. पार्सलं शिवायचो त्या काळातली लाखेची कांडी आईच्या खणात होती, ती त्यांनी मागून घेतली. झाकणाच्या स्क्रूंमधून दोरा ओवला, गाठ मारली आणि वर लाख वितळवून अंगठ्याने दाबली. अंगठा भाजला असणार. रेल्वेत रिलेंच्या खोलीला असंच सील करतात, आता कुणी हात लावला तर कळेल. मग स्वतः पेटी भिंतीवर टांगली, बॅटरी जोडली, चावी फिरवली. आत रिले उचलल्याचा टक्कन आवाज झाला.

त्या आवाजाबरोबर माझा जीव परत टांगणीला लागला. काम संपलं होतं. आता त्यांना घरात थांबवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, फक्त एक भोंगा होता.

तो रविवारी वाजला, दुपारच्या आधी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काय आवाज तो! आईचा स्वयंपाकघरातला डबा खाली पडला, म्हणजे तिला ऐकू आला. आम्ही दोघी दोन बाजूंनी दाराकडे धावलो. बाबा उंबरठ्याबाहेर एक पाऊल टाकून उभे होते. अंगात ऑफिसचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि माझी एक जुनी पर्स. मला भीती होती तसे ते पळाले नव्हते. तो आवाज ऐकून जागच्या जागी थांबले होते. धोक्याची सूचना झाली की थांबायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बाकी सगळं गेलं तरी ते राहिलं होतं. पेटीकडे बघून त्यांनी मान हलवली. नीट चालतंय अशी.

मी चावी उलटी फिरवून पेटी बंद केली. भोंगा थांबला. कानात नुसती झिणझिण. मला वाटलं, जिंकले. आला दिवस असाच जाईल, ते निघतील, भोंगा वाजेल, ते थांबतील. मी हसून पुढे झाले आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. उलट अंग चोरलं. मग जिन्यात कुणी ऐकत नाही ना असं बघून अगदी हळू, अजिजीने, मला म्हणाले,

"बहनजी, तार आप ही निकालती हैं, मुझे मालूम है. मैं किसी से नहीं कहूँगा. बस मुझे घर जाने दीजिए."

माझ्या वडिलांनी हात जोडले होते. मला. त्या हातातली पिशवी दोन्ही तळव्यांमध्ये चुरगळली होती. मी कोण आहे ते त्यांना माहीत नव्हतं, पण मी काय करते ते त्यांना पक्कं माहीत होतं. इतके दिवस ते एका परक्या बाईच्या कैदेत होते. ती बाई त्यांना उठवून कामाला बसवते, केलेलं काम रोज मोडते, आणि ते सुटकेच्या आशेने ते परत परत करतात. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो मी तुमची मुलगी, हे तुमचं घर, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. सांगून काय होणार होतं? कैदेतल्या माणसाला जेलर काय काय सांगतो.

मागून आई म्हणाली, "सोडून ये त्यांना."

"कुठे?"

"घरी."

मी चपला घातल्या. हिंदीत म्हटलं, चलिए, मैं छोड़ देती हूँ. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. आम्ही जिना उतरलो. त्यांचा दंड मी धरला नाही, नुसती बाजूने चालले. गेटबाहेर पडलो, मंडईच्या बाजूने गेलो, मदर डेअरीच्या बूथवरून वळलो. रस्ता ओलांडताना त्यांनीच माझ्यापुढे हात आडवा धरून मला थांबवलं, गाडी जाऊ दिली, मग या म्हणून खूण केली. वाटेत ते बोलत होते, की आप बहुत भली हैं, नौकरी में मजबूरी होती है, मैं समझता हूँ. मी हो हो म्हणत होते. उन्हासाठी काळा चष्मा लावला होता ते एक बरं झालं.

अख्ख्या सोसायटीला वळसा घालून आम्ही मागच्या गेटने आत आलो, आमच्याच ब्लॉकखाली. जिना चढताना ते दमले, पण थांबले नाहीत. वर आईने पेटी बंदच ठेवली होती आणि दार उघडं टाकून ती उभी होती. साडी बदललेली, केस नीट केलेले.

बाबांनी तिला बघितलं आणि मराठीत म्हणाले, "अगं, किती उशीर झाला बघ." मग चपला काढल्या, पिशवी तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून परत हिंदीत म्हणाले, की बाहेर का उभ्या, आत या. आईला म्हणाले, या बाईंनी मला घरापर्यंत सोडलं, यांना चहा दे.

मी सोफ्यावर बसले, पाहुणे बसतात त्या टोकाला. पंख्याखालची जागा त्यांनी आग्रहाने मलाच दिली. बाबा समोर पाय पसरून बसले, कितीतरी महिन्यांनी, घरी आलेल्या माणसासारखे. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, पदर नीट केला आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत मला विचारलं,

"चीनी कितना लेते?"

मी म्हटलं, एक चम्मच.